रिचार्जचा तेरावा महिना

लग्नाच्या पाकिटात मराठी माणूस एकशे एक घालतो, पाचशे एक घालतो, मुलीच्या बापाशी शाळेपासूनची ओळख असेल तर हजार एक. वरचा तो एक रुपया शुभ. मोबाईल कंपन्यांचं शास्त्र बरोब्बर उलटं आहे. त्या रकमेतून एक रुपया काढून ठेवतात आणि उरलेले मागतात : १९९, २९९, ३४९, ७९९, ३,५९९. आहेरातला एक पाकिटाला चिकटवलेला असतो, चकाकतो. कंपनीने काढून घेतलेला एक ग्राहकाला दिसत नाही. त्याला दिसतो आकड्याच्या सुरुवातीचा दोन, आणि तो तीन नसल्याचं समाधान.

या नवांच्या माळेमागे दुकानदारी आहेच, पण थोडी सरकारी कृपाही होती. दहा रुपये आणि दहाच्या पटीतल्या रकमा फक्त टॉप-अपसाठी राखून ठेवायच्या, असा ‘ट्राय’चा म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नियम होता. तेव्हा तीनशेचा प्लॅन काढायचा तर कंपनीला २९९ वर थांबावं लागे किंवा ३०१ वर जावं लागे. कंपन्यांनी काय निवडलं ते सांगायला नको. त्याच काळात कागदी कुपनांना रंगही ठरवून दिलेले होते : प्लॅनला लाल पट्टा, टॉप-अपला हिरवा, खास दराच्या कुपनाला पिवळा, कॉम्बोला निळा. ऑनलाइन रिचार्जच्या जमान्यात पट्टे कोण बघतो, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने हे दोन्ही नियम उठवले. दहा रुपयांचं एक तरी टॉप-अप ठेवा, एवढं मात्र बजावलं. (त्या दहा रुपयांत बोलायला ७ रुपये ४७ पैसे मिळतात. बाकीचे कर आणि शुल्क खातात.) नियम गेला, नऊ राहिले.

तर असे सगळे नऊ एका वहीत उतरवून पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका टू बीएचकेमध्ये एक बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले असतात. हे घर कोणाचंही समजावं. चिरंजीवांची दहावी झालेली आहे. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, फॉर्मला मोबाईल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो, आणि तो ओटीपी बाबांच्या फोनवर आला की नेमके बाबा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतात. शिवाय क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर येणाऱ्या नोट्स, बदललेल्या बॅचची वेळ. मुलाला स्वतःचा नंबर हवा, इथपर्यंत घरात एकमत आहे. बाबांचा जुना फोन त्याला द्यायचा, यावरही बाबांचं एकमत आहे. प्रश्न फक्त प्लॅनचा.

आणि प्लॅन स्वस्त हवा.

‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ घरात दोन नाण्यांत मोजला जातो, हे पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात येतं. बाबा रुपये मोजतात. मुलगा जीबी मोजतो. बाबांच्या दृष्टीने १८९ हा २९९ पेक्षा स्वस्त आहे; जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा १५५ चा छोटा प्लॅन १८९ झाला, त्यात २८ दिवसांना मिळून २ जीबी. मुलाच्या दृष्टीने २९९ स्वस्त आहे, कारण त्यात रोज दीड जीबी, म्हणजे २८ दिवसांना ४२. शंभर-सव्वाशे रुपये जास्त देऊन एकवीस पट माल. हा हिशेब तोंडी करताना मुलगा एकदाही अडखळत नाही. याच मुलाला प्रिलिममध्ये शेकडेवारीचं गणित सुटलं नव्हतं, हे आईच्या लक्षात असतं. ती बोलत नाही, फक्त भाजी वाढताना पळी जरा जोरात आपटते.

बाबांची पहिली शंका मात्र वेगळ्याच आकड्याबद्दल असते. अठ्ठावीस दिवस का?

हा प्रश्न या देशात कोट्यवधी लोकांना पडलेला आहे. पगार महिन्याने, भाडं महिन्याने, दूध महिन्याने, क्लासची फी हप्त्याने; फक्त मोबाईल अठ्ठावीस दिवसांनी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर बाबा गॅसच्या सिलिंडरची आणि दुधाच्या खाड्यांची नोंद करतात, तशी रिचार्जची तारीख टाकू लागले की गंमत कळते. एक जानेवारीला मारलेलं रिचार्ज पुढच्या वेळी एकोणतीसला, मग सव्वीस फेब्रुवारीला, मग मार्चच्याही सव्वीसला, मग एप्रिलच्या तेविसाला. तारीख दर खेपेला पगाराच्या अलीकडे सरकत सरकत महिनाअखेरच्या कडकीत येऊन बसते. अठ्ठावीस गुणिले तेरा बरोबर तीनशे चौसष्ट. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज.

आपल्या पंचांगातही अधिक मास असतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, तो फरक भरून काढायला साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, २०२६ मध्ये ज्येष्ठ. त्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायची रीत आहे. मोबाईल कंपन्यांच्या पंचांगात अधिक मास दरवर्षी येतो आणि वाणही दरवर्षी द्यावं लागतं. जावयाच्या थाटात ते घेते मात्र कंपनी. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण ज्याने पाडली त्याच्याकडे प्रीपेड नव्हतं, तरी त्याला अंदाज होता.

ट्रायच्याही हे लक्षात आलं. जानेवारी २०२२ मध्ये आदेश निघाला की प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचा एक तरी, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येईल असा एक तरी प्लॅन ठेवलाच पाहिजे. कंपन्यांनी ठेवला. दुकानाच्या दर्शनी भागात मात्र तो कोणाला फारसा दिसला नाही. जिओचा असा कॅलेंडर-महिन्याचा रोज दीड जीबीचा प्लॅन जुलै २०२४ पासून ३१९ चा आहे. बाबा वहीत मांडतात : बारा गुणिले ३१९ म्हणजे ३,८२८. तेरा गुणिले २९९ म्हणजे ३,८८७. फरक एकोणसाठ रुपये. अर्धा तास गुणाकार करून वर्षाला दोन वडापाव आणि एक कटिंग वाचतो, आणि फेब्रुवारीत तर ३१९ देऊनही दिवस अठ्ठावीसच मिळतात. बाबा पेन खाली ठेवतात.

(हे आकडे कोरीव लेण्यांसारखे धरू नयेत. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओने २४९ चा, रोज एक जीबीवाला प्लॅन यादीतून काढला, एअरटेलनेही आपला २४९ चा काढला, आणि कोणाकोणाच्या वहीतली सगळ्यात स्वस्त ओळ रातोरात खोडली गेली. मोबाईलचं दरपत्रक वाचायचं ते मंडईतल्या टोमॅटोच्या भावासारखं, त्या दिवसापुरतं.)

बाबांची पिढी या बाबतीत उगाच हळवी होते, त्याला कारण आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला, तेव्हा बाबा अकरावीतच होते. त्यांचा टीनएज प्लॅन होता पिवळ्या बोर्डाचं एसटीडी बूथ आणि खिशात रुपयाचं नाणं. गावाला फोन लावायचा तर रात्री उशिरा दर पाव होई, म्हणून जेवणं उरकून बूथवर रांगेत उभं राहायचं, आणि आत बोलणाऱ्याच्या डोक्यावरचे लाल आकडे धावताना बघून आपल्याच पोटात गोळा आणायचा. पुढे मोबाईल आला तरी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले आणि मिस कॉल ही भाषा जन्माला आली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये. तीन म्हणजे बाबा घरी आहेत, फोन करू नकोस. हे व्याकरण कोणी शिकवलं नाही, सगळ्या महाराष्ट्राला ते आपोआप आलं.

हे सगळं बाबा दर वाढला की सांगतात. मुलगा ऐकून घेतो आणि विचारतो, “म्हणजे तुम्ही स्वस्त पडतं म्हणून रात्री जागायचात ना, बाबा?” हा प्रश्न त्या वेळी भाबडा वाटतो.

सिम आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात जावं लागतं. पाटीवर मोबाईल लिहिलेलं असलं तरी तिथे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, टफन ग्लास, पॅन कार्ड आणि उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांची नोंदणीही होते. दुकानदार मुलाकडे एकदा बघतो आणि बाबांकडे आधार मागतो. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या नावाने नवं कनेक्शन द्यायचं नाही, असं दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे नंबर मुलाचा, नाव बाबांचं. अंगठा बाबांचा, फोटो बाबांचा, आणि उद्या त्या नंबरवरून काही घोटाळा झाला तर पोलिसांना उत्तर देणारेही बाबाच.

गावाकडे शेती असलेल्या माणसाला हे चटकन समजतं, कारण हा सरळ सरळ सातबाऱ्याचा मामला आहे. मालकी हक्कात बाप, कब्जेवहिवाटीत मुलगा. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. सिमच्या कुळाचा कृषक दिन म्हणजे त्याचा अठरावा वाढदिवस. तोवर बाबांच्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथीच्या पोर्टलवर बघता येतं. मर्यादा नऊची. बाबा बघतात तर आपलं, आईचं, आजीचं, गावच्या घराच्या चौकीदाराला दिलेलं, शिवाय कधी काळी डोंगलमध्ये घातलेलं एक, अशी पाच निघतात. डोंगल कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. सहावं मुलाचं. माणसाच्या नावावर जमीन गुंठाभर नसली तरी सिम असतात.

“दीडचा मारू का दोनचा?” दुकानदार विचारतो.

“दीडचा पुरेल ना?”

“काका, तुमच्या वयाला पुरेल,” दुकानदार म्हणतो. “पोरांना नाही पुरत. दीडचा मारून नेतात आणि संध्याकाळी पुन्हा इथेच उभी. अकराचं मारा म्हणून.”

अकराचं म्हणजे जिओने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेलं छोटं पाकीट : अकरा रुपये, एक तास, १० जीबीपर्यंत डेटा. अकरा रुपये ही खरं तर सत्यनारायणाच्या तबकात टाकायची रक्कम. इथेही आधी संकल्प, मग तासाभराची पोथी, शेवटी प्रसाद वाटल्यासारखं डाउनलोड केलेलं मित्रांना फॉरवर्ड करायचं. महिन्यात असे दहा सत्यनारायण झाले की एकशे दहा रुपये जातात, ते घरच्या वहीत कुठेच दिसत नाहीत, कारण ते वडापावच्या पैशांतून जातात. स्वस्त प्लॅन महाग कसा होतो, याचं हे दुकानदाराने फुकट दिलेलं व्याख्यान. अशी व्याख्यानं तो दिवसाला वीस देत असावा.

मुलगा या वेळी शांत उभा असतो. त्याच्या डोक्यात दोन जीबीवाला ३४९ चा प्लॅन आहे, आणि तोही जीबीसाठी नाही. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल या दोघांनीही अमर्याद फाईव्ह जी फक्त रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर ठेवलं. म्हणजे पन्नास रुपये जास्त दिले की डेटाला अंतच नाही. बाबा म्हणतात, “पण तुझ्या फोनला फाईव्ह जी नाहीच.” खरं आहे; बाबांचाच जुना फोन, त्याची धाव फोर जीपर्यंत. मुलगा लगेच मान हलवतो. हो, सध्या नाहीच. पण प्लॅन असला की निदान वाया जातोय हे तरी घरात सगळ्यांना कळेल. नालासाठी घोडा घेतात, ही म्हण बाबांनी नेहमी दुसऱ्यांच्या बाबतीत वापरलेली असते. आता समोर नाल धरून उभा असलेला आपलाच मुलगा आहे आणि घोडा पंधरा हजारांच्या आत बसणार नाही, हे ओळखून ते घाईघाईने २९९ वर बोट ठेवतात.

शंभर एसएमएस रोजचे त्यात फुकट असतात, हे दुकानदार सवयीने सांगतो. अठ्ठावीस दिवसांचे दोन हजार आठशे. मुलाने उभ्या आयुष्यात एकही एसएमएस पाठवलेला नाही. येतात ते बँकेचे, ओटीपीचे आणि ‘तुमचा प्लॅन लवकरच संपत आहे’ असे कंपनीचेच. हा शेवटचा मेसेज इतका आधीपासून येऊ लागतो की घरातला जुना पाहुणाही पुढच्या भेटीची आठवण एवढी करून देत नसेल.

रविवारी काका येतात. प्लॅनच्या वादात काकांना बोलावण्याचं कारण म्हणजे ते टेलिफोनमधले. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे अठ्ठ्याहत्तर हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले, त्यांपैकी एक. अजूनही ते खासगी कंपन्यांना ‘प्रायव्हेटवाले’ म्हणतात आणि नेटवर्कला ‘लाईन’. त्यांचं म्हणणं एवढंच, की २०२४ च्या दरवाढीनंतर लोक नंबर पोर्ट करून बीएसएनएलकडे आले होते ते काही वेडे नव्हते. १९०० ला मेसेज टाकायचा, कोड येतो, तो घेऊन दुकानात जायचं, नंबर तोच राहतो. जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय आहे. शिवाय आता स्वदेशी फोर जी. २७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा इथून त्याचं उद्घाटन केलं, सुमारे साडेसत्त्याण्णव हजार टॉवर.

“फोर जी? २०२५ ला?” मुलगा विचारतो.

“आपलं स्वतःचं आहे,” काका म्हणतात. “उपकरणं, सॉफ्टवेअर, सगळं इथलं. लोणचं घरी घालायला वेळ लागतोच.”

यावर कोणालाच उत्तर सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर काकांच्या बोलण्यात दम असतो. पण मुलाच्या वर्गातले सगळे एकाच कंपनीचे आहेत, आणि कोणत्या कंपनीची रेंज क्लासच्या तळघरात येते यावर त्यांचं जे एकमत आहे ते ट्रायलाही मोडता येणार नाही. काका चहा घेऊन जातात.

आता बाबांच्या वहीत एकच ओळ उरते, आणि तीच सगळ्यात शहाणी असते. वार्षिक प्लॅन. जिओचा ३,५९९ चा : ३६५ दिवस, रोज अडीच जीबी. तेरा वेळा २९९ मारण्यापेक्षा २८८ रुपयांनी कमी, आणि डेटा रोज एक जीबीने जास्त. फाईव्ह जीही त्यात येतं. बाबा वही दोनदा तपासतात. चूक सापडत नाही. थोडे दिवस द्यायला जास्त पैसे आणि जास्त दिवस द्यायला कमी, हे घाऊक बाजाराला धरूनच आहे. वर्षाचे तांदूळ, वर्षाची डाळ, तसा वर्षाचा डेटा. हे ऐकून मुलाचा चेहरा असा उजळतो की आई हातातलं काम सोडून बाहेर येते.

“वर्षाचं एकदम भरलंत, तर मी त्याला काय सांगू?” ती विचारते.

बाबांना प्रश्न कळत नाही. आईला तो पूर्ण कळलेला असतो. घरात सध्या शिस्त नावाची जी काही चीज आहे ती एका वाक्यावर उभी आहे : ‘अभ्यास झाला नाही तर रिचार्ज मारणार नाही.’ लहानपणी बागुलबुवा होता, मग हॉस्टेलला टाकण्याची धमकी आली, ती हॉस्टेलची फी कळल्यावर मागे पडली. आता रिचार्ज. ते दर अठ्ठावीस दिवसांनी संपतं, म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी आईबापाच्या शब्दाला चार दिवस किंमत येते. मुलगा आपण होऊन पाण्याच्या बाटल्या भरतो, आजीच्या गोळ्या आणून देतो, एकदा तर त्याने गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे आणले होते. एकदम ३,५९९ भरून हे सगळं ३६५ दिवसांसाठी घालवायचं?

तेव्हा बाबांना कंपनीचं पंचांग पहिल्यांदाच पटतं. वर्षाचे ते २८८ रुपये म्हणजे लगाम हातात ठेवायचं भाडं. अनारसे महाग पडले तरी जावई दर महिन्याला घरी येऊन वाकून नमस्कार करून जातो, हे काही कमी नाही. घरात निर्णय होतो. २९९. दीड जीबी. अठ्ठावीस दिवस. शिवाय वाय-फायचा राउटर रात्री साडेदहाला बंद, बटणावर बाबांचं स्वतःचं बोट.

दीड जीबीचं गणित दिवसा ठीक चालतं. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो, उंची दर्जाचा त्याच्या तिप्पट किंवा अधिक. म्हणजे फिजिक्सचं एक लेक्चर बघितलं, त्यावरचा उतारा म्हणून दोन मॅचचे हायलाइट्स बघितले, की क्लासहून घरी येईपर्यंत कोटा संपतो. मग वेग ६४ केबीपीएस. या वेगाने ‘शुभ सकाळ’चा गुलाब पाकळी-पाकळीने उमलतो आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण होतो. नवा कोटा रात्री बाराला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत अकरा वाजून पन्नास मिनिटांनी, पूर्वी ग्रहण सुटायची वाट बघत तसं, कोणी ना कोणी अंधारात पडून असतं. व्हीच्या काही प्लॅनमध्ये तर रात्री बारा ते सकाळी सहा डेटा मोजतच नव्हते. ज्या वयाला आठ तास झोप लागते म्हणतात त्या वयाला हे वेळापत्रक.

पण या घरात बाबांना आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मुलगा बारापर्यंत थांबतच नाही. साडेदहाला राउटर बंद होतो, दीड जीबी तर दुपारीच संपलेला असतो, आणि तरी पावणेअकराला दाराखालच्या फटीतून निळा उजेड. अकराची पाकिटं मारलेली नाहीत, दुकानदार शपथेवर सांगतो.

उत्तर आजीच्या फोनमध्ये असतं. आजीला बाबा ७९९ चं मारतात, चौऱ्याऐंशी दिवस, रोज दीड जीबी. तीन वेळा २९९ पेक्षा अठ्ठ्याण्णव रुपये वाचतात म्हणून. आजीचा रोजचा खर्च म्हणजे सकाळी देवांचे आठ-दहा फोटो आणि दुपारी वाईच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल, त्यातही निम्मा वेळ दोघींना एकमेकींचा कानच दिसतो. उरलेला सव्वा जीबी रोज रात्री बाराला विरून जातो. हे नातवाने तिला जून महिन्यातच समजावून सांगितलं होतं. रोज एवढं? वाया? ज्या बाईने साठ वर्षं शिळ्या पोळीचा कुस्करा केला आणि दूध नासलं तर त्याच्या वड्या केल्या, तिला हे सहन होणं शक्यच नव्हतं. हॉटस्पॉट कसा चालू करायचा हे ती एका दिवसात शिकली. पासवर्डही तिचाच, कुलदेवतेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा वही काढतात. डिसेंबर २०२४ च्या त्याच आदेशात ट्रायने सांगितलं होतं की ज्यांना डेटा नकोच आहे त्यांच्यासाठी नुसते कॉल आणि एसएमएस असलेली पाकिटं ठेवा, आणि ती वर्षभराचीही असू देत. त्याप्रमाणे एअरटेलचं १,८४९ चं आलं, ३६५ दिवसांचं. जिओचं १,७४८ चं, ३३६ दिवसांचं. (३३६ म्हणजे बारा गुणिले अठ्ठावीस. इथे वर्ष निदान बारा महिन्यांचं मानलंय, महिना तेवढा आपला ठेवलाय.) आजीला यातलं कोणतंही घेतलं तर वर्षाला दीड हजारांच्या वर वाचतात आणि निळा उजेडही विझतो. एका दगडात दोन पक्षी, बाबा बऱ्याच दिवसांनी खुशीत येतात.

“नुसते कॉल?” आजी विचारते. “मग माझ्या बहिणीचं तोंड मी कशात बघू?”

मुलगा तिच्या बाजूला उभा असतो. त्याच्या मते वयस्कर माणसांना डेटापासून तोडणं हे बरोबर नाही. उलट आजीला दोन जीबीचा घ्यायला हवा, व्हिडिओ नीट दिसेल, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. ज्येष्ठांच्या हक्कांवर तो इतकं पोटतिडकीने बोलतो की शेजारच्या फ्लॅटमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका ऐकून कौतुकाने दारात येतात.

आजीचं ७९९ तसंच राहतं.

आठवडाभराने रात्री अकराला बाबांचा स्वतःचा डेटा संपतो. ऑफिसची फाईल पाठवायची असते, राउटर त्यांनीच बंद केलेला असतो आणि तो चालू केला तर हिरवा दिवा सगळ्या घराला कळेल. ते पाय न वाजवता आजीच्या खोलीत जातात. देव्हाऱ्याशेजारी फोन चार्जिंगला लावलेला. बाबा हॉटस्पॉटचं पान उघडतात. जोडलेली उपकरणं : दोन. एक मुलाचं, ते तर माहीतच होतं. दुसऱ्या फोनचं नाव वाचून ते क्षणभर थांबतात आणि मग वळून आपल्या बेडरूमच्या बंद दाराकडे बघतात. आतून मालिकेचं शीर्षकगीत अगदी बारीक आवाजात ऐकू येत असतं.

“तुलाही हवंय का रे?” अंधारातून आजी विचारते. “घे. बारापर्यंत आहे अजून.”